अमुकचं वर्णन

साकव नावाच्या लिनक्समधली पॅकेजं आपलं वर्णन बदलून घ्यायला दर गुरुवारी सावंतवाडीला मंदाकिनी परुळेकरांच्या घरी जातीने हजर होत, आणि मंदाबाईंची त्याबद्दल तक्रार एवढीच होती, की त्यातलं एकही दारातल्या पायपुसण्याला पाय पुसत नसे.

आता साकव म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना आधी सांगून टाकतो. संगणक चालवायला जी फुकट व्यवस्था मिळते तिला लिनक्स म्हणतात. तिच्यात आपल्याकडच्या चार हौशी मंडळींनी आपल्या लोकांना लागणारी पॅकेजं घालून जे गाठोडं बांधलं, ते साकव. पॅकेज म्हणजे एकेका कामाचा प्रोग्राम. कुणी फोटो उजळतं, कुणी पत्र टाईप करू देतं, कुणी नुसतं घड्याळ दाखवतं. किराणा दुकानात बरणीवर चिठ्ठी असते तशी प्रत्येक पॅकेजावर एका ओळीची चिठ्ठी असते, तिला वर्णन म्हणतात. ती ओळ वाचून माणूस ठरवतो, घ्यायचं की नाही. या सगळ्या ओळी मंदाबाई सांभाळत. पगार छदाम नव्हता, रुबाब मात्र मामलेदाराचा.

बाईंचं घर म्हणजे पूर्वीची परुळेकर टायपिंग इन्स्टिट्यूट. टाईपरायटर भंगारात गेले, पण परीक्षेला बसणाऱ्या मुलांचे बाक तसेच होते, त्यांवर पॅकेजं बसत. एका मोडक्या यंत्राची आकड्यांची बटणं बाईंनी उपटून ठेवली होती. आलेल्याने दारात बाईंच्या यजमानांकडून, जयवंतरावांकडून, एक बटण घ्यायचं, तोच नंबर. बटणं संपली की उरलेल्यांनी मुकाट परत जायचं. जयवंतराव एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले असल्यामुळे रांगेच्या बाबतीत त्यांच्यापुढे कुणाची मात्रा चालत नसे.

भिंतीवर बाईंनी स्वतः रंगवलेला फलक होता: ‘उत्तम, सुंदर, वेगवान, सोपे हे शब्द बाहेर चपलांपाशी ठेवावेत.’ स्तुती नाही म्हणजे नाही. वर्णनात आपलंच नाव पुन्हा घ्यायचं नाही, आणि ओळ एकच. हे नियम साकवभर चालत, पण बाईंसारखे कुणी चालवत नसे.

“नाव?” बाईंनी चष्मा नाकावर सरकवत विचारलं.

“लखलख,” समोरचं पॅकेज म्हणालं.

“काम?”

“फोटो उजळतं. म्हणजे अप्रतिम उजळतं. एकदम झटपट, अतिशय देखणं, लहान मुलालासुद्धा—”

बाईंनी फूटपट्टी उचलून भिंतीकडे केली.

“त्यात अप्रतिम नाही लिहिलेलं,” लखलख म्हणालं.

“शहाणं आहेस. ‘उत्तम’च्याच घरातलं आहे ते. काढ.”

“मग माझ्यात आणि त्या दुसऱ्या फोटोवाल्यात फरक काय राहिला?”

“तोच सांग ना! मी कुठे नको म्हणते?”

लखलखला तो काही सांगता येईना. ते फुरंगटून उठलं, जाताना बटण टेबलावर आपटून गेलं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. रोज मरे त्याला कोण रडे असा त्यांचा चेहरा होता, आणि पुढचा नंबर पुकारून त्या मोकळ्या झाल्या.

वर्णनाच्या बाबतीत बाई एवढ्या कडक का, याला कारण होतं. साकवच्या नियमावलीत कलमच होतं, की पॅकेज आपल्या वर्णनाप्रमाणे वागेल. आणि ती वागत! एकदा बाईंनी घाईत शब्दकोशाच्या वर्णनात ‘छोटा’ हा शब्द घातला. पुढच्या गुरुवारी शब्दकोश आला तो ‘प’पासून ‘म’पर्यंतचे सगळे शब्द घरी टाकून. बिचाऱ्याला ‘बसा’ म्हटलेलं समजेना, तो उभाच राहिला. बाईंनी ‘छोटा’ खोडला, पण शब्द पुरते परत यायला अख्खा पावसाळा गेला. तेव्हापासून बाईंचा शिरस्ता ठरला होता: आधी बघायचं, मग लिहायचं.

त्या गुरुवारी शेवटचं पॅकेज गेलं, बाई टेबल आवरायला उठल्या, तर मागच्या बाकावर एक जण बसलेलं. अंगाने बेताचं, पाण्यात न घातलेल्या नव्या कापडासारखं कडक. हातात बटण नव्हतं.

“तू कोण रे? नंबर कुठाय तुझा?”

“काम इथे थोडक्यात सांगा,” ते म्हणालं.

“अगंबाई! मला विचारतोय! तुझं काम सांग आधी.”

“काम इथे थोडक्यात सांगा,” ते पुन्हा तितक्याच नम्रपणे म्हणालं.

“अहो,” बाईंनी हाक मारली, “हे आगाऊ कार्टं कधी आत सोडलंत?”

“मी कशाला सोडतोय? मला वाटलं ते आधीपासूनचंच आहे, बाकाबरोबरचं,” जयवंतराव म्हणाले.

बाईंनी संगणकावर शोधलं. पॅकेजाचं नाव अमुक. वर्णनाच्या जागी लिहिलं होतं, ‘काम इथे थोडक्यात सांगा.’ ती ओळ वाचल्यावर बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. हे साटमांचं काम!

साटम म्हणजे बाईंच्या आधी वर्णनं बघणारे गृहस्थ. नव्या मुलांना पॅकेज कसं बांधायचं ते दाखवायला त्यांनी एक नमुना केला होता. नाव घातलं अमुक, आणि वर्णनाच्या जागी शिकणाऱ्याला सूचना लिहून ठेवली. शिकणाऱ्याने ती पुसायची आणि आपलं लिहायचं. शिकवणी संपली, साटम काजूच्या धंद्यात पडले, आणि नमुना साकवमधून काढायचा राहून गेला. तेव्हापासून ते पोर साटमांची सूचना हेच आपलं वर्णन समजून इमानेइतबारे तसं वागत होतं. काम काय ते कुणी सांगावं, म्हणून जो दिसेल त्याला विचारत होतं.

“अमुक का तू?” बाईंनी विचारलं. आवाज त्यांच्या नकळत खाली आला होता.

“काम इथे थोडक्यात सांगा,” अमुक म्हणालं. बाईंनी त्याला चहा दिला, आणि ते बाकावरच मुक्कामाला राहिलं.

दुसऱ्याच दिवशी कुडाळहून कुडतरकरांचा फोन आला. रामनाथ कुडतरकर हे साकवचे प्रकाशन अधिकारी, म्हणजे नवी आवृत्ती काढताना काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते ठरवणारे. माणूस सज्जन, पण नियमाला चिकटलेला.

“बाई, दसऱ्याला नवी आवृत्ती निघतेय. ते अमुक वगळतोय मी,” कुडतरकर म्हणाले. “त्याला पालक नाही आणि वर्णन भरलेलं नाही.”

पालक म्हणजे पॅकेजाची जबाबदारी घेणारा माणूस. ज्याला पालक नाही ते पॅकेज अनाथ, असं साकवमध्ये अधिकृतपणेच म्हणत.

“थांबा हो जरा. मी बघते त्याचं.”

“बघण्यासारखं काही नाही. नमुना आहे तो. आत प्रोग्रामची एक ओळ नाही, सगळं रिकामं.”

“रिकामं असतं तर त्याने बाक अडवला नसता. दसऱ्यापर्यंत हात लावू नका.”

कुडतरकर हो-ना करत कबूल झाले. “पण खरं वर्णन पाहिजे,” त्यांनी बजावलं, “मी स्वतः येऊन चाचणी घेईन. वर्णनाप्रमाणे वागलं नाही, तर तिथल्या तिथे वगळेन.”

वगळलेलं पॅकेज पुन्हा गुरुवारी येत नाही. आरडाओरडा नाही, निरोपानिरोपी नाही, बाकावर नसतं एवढंच. बाईंनी अशी दोन-तीन पाहिली होती. त्यांतलं फॅक्सचं एक फार अदबशीर होतं, नेहमी शेवटचा नंबर घ्यायचं. त्याचा कप फडताळात अजून पालथा होता, आणि त्यातून बाई कुणाला चहा देत नसत. आता अमुकचा कप तिथे त्याच्या शेजारी पालथा घालायचा, हे त्यांना मंजूर नव्हतं.

“त्यात काय एवढं?” जयवंतराव जेवताना म्हणाले. “लिहून टाक काहीतरी. तू लिहिशील तसं ते वागणारच आहे. ‘विजेचं बिल भरतं’ असं लिही. मला रांगेत उभं राहायला नको.”

सूचना बिनतोड होती. ती बाईंनाही पटली, हीच पंचाईत होती. एक ओळ लिहिली असती की अमुक उद्यापासून बिलं भरायला लागलं असतं, कुडतरकर खूश, पोर वाचलं. बाई हात धुऊन संगणकापाशी गेल्यासुद्धा. अमुक बाकावर बसून त्यांच्याकडे बघत होतं. काहीही लिहिलं असतं तरी त्याने ते बिनतक्रार घेतलं असतं, आणि त्याचाच बाईंना राग आला.

“नाही जमणार,” त्या परत येऊन म्हणाल्या. “ते काय करतं हे बघितल्याशिवाय मी लिहिणार नाही. उद्या कुणी माझ्याबद्दल असं न बघता लिहिलं तर?”

“तुझ्याबद्दल कोण कशाला लिहितंय?” जयवंतराव म्हणाले आणि त्यांनी ताक मागितलं.

मग बाई बघू लागल्या. गुरुवारी पॅकेजं आली. अमुकने एकेकाजवळ जाऊन आपलं वाक्य म्हटलं. घड्याळ म्हणालं, “हे काय, वेळ दाखवतं.” अमुक तसंच बसून राहिलं. मग घड्याळ जरा सरकून बसलं आणि म्हणालं, “म्हणजे तसं बघायला कुणी येत नाही आता. सगळ्यांच्या हातात मोबाईल. पण कोपऱ्यात असावं लागतं.” आणि ते बोलत सुटलं. अमुक ऐकत होतं. मध्ये हूं नाही की चूं नाही, सल्ला नाही, ‘माझंही तसंच’ नाही. आत प्रोग्रामच नव्हता, मध्ये बोलणार काय? समोरच्याचं संपलं की ते उठून पुढच्या बाकाकडे जाई.

त्या दिवशी टेबलापाशी एकही भांडण झालं नाही. मागच्या खेपेला आपटून गेलेलं लखलख अमुकशी बोलून आलं आणि बाईंनी पट्टीकडे हात नेण्याआधीच म्हणालं, “लिहा. अंधारात काढलेल्या फोटोतली माणसं ओळखू येतील इतपत उजळतं.”

“बाकी काही?”

“नाही. एवढंच करतं मी,” लखलख म्हणालं, आणि जाताना चक्क पायपुसण्याला पाय पुसून गेलं, बाहेर जाताना पुसायचे नसतात हे त्याला कोण सांगणार.

बाईंना संशय आला, पण खात्री पटली ती शनिवारी. त्या बाजारातून आल्या तेव्हा जयवंतराव अमुकसमोर बाकावर बसले होते. वर्कशॉपमध्ये ब्रेक तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. गाडी घाटात निघाली, की ती खाली पोचल्याचा फोन येईपर्यंत त्यांना भाकर गोड लागत नसे, असं ते सांगत होते. एका गाडीचा नंबर त्यांनी दोनदा सांगितला. बाई दारातच भाजीची पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांनी ऐकलं नव्हतं. विचारलंच नव्हतं म्हणा. ब्रेकचं काय विचारायचं, असं त्यांना वाटत आलं होतं, आणि आता त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

“काय बघतेस?” जयवंतराव ओशाळून उठले. “चाचणी घेत होतो.”

“घ्या की,” बाई म्हणाल्या. “माझी भाजी निवडायचीच आहे.”

दसऱ्याच्या आदल्या गुरुवारी कुडतरकर आले. पँटची इस्त्री मोडू नये म्हणून बेताने बसले आणि संगणक उघडून त्यांनी अमुकचं वर्णन काढलं. भुवया वर गेल्या.

“बाई, हे काय? तुम्ही काहीच बदललेलं नाही. ही साटमांची सूचना आहे.”

“सूचना होती. आता वर्णन आहे. मी बघितलंय, ते हेच करतं.”

“सूचना हे वर्णन कसं होईल?”

“तुमचं कलम काय म्हणतं? पॅकेज वर्णनाप्रमाणे वागेल. वागतं की नाही ते बघा आणि मग बोला. चाचणी घ्यायला आलात ना?”

कुडतरकरांनी नाइलाजाने खुर्ची अमुककडे वळवली.

“काम इथे थोडक्यात सांगा,” अमुक म्हणालं.

“माझं काम पॅकेजं वगळण्याचं,” कुडतरकर म्हणाले, आणि बाईंकडे वळून, “हं, झालं. विचारलं त्याने. पुढे काय?”

“पुढे काही नाही. तुमचं सांगून झालं असेल तर झालं.”

“झालंच,” कुडतरकर म्हणाले. पण ते उठले नाहीत. अमुक बघत होतं. “म्हणजे ठेवण्याचंही असतं,” ते म्हणाले. “पण ठेवलेल्याचं कुणी नाव काढत नाही. शिव्या वगळल्याच्या. आता ते फॅक्सचं. लोकांना वाटलं मी यादी बघून काट मारली. मी त्याला आधी घरी बोलावलं होतं, कुडाळला. म्हटलं, बाबा रे, तुला पाठवायला पलीकडे कुणी उरलं नाही. तर ते म्हणालं, साहेब, तुम्ही नका मनाला लावून घेऊ.”

मग चहा आला आणि निवला. जयवंतरावांनी दुसरा आणला, तोही निवला. कुडतरकर एकेका पॅकेजाचं नाव घेऊन सांगत होते, एकही विसरले नव्हते. इस्त्री केव्हाच मोडली होती. बाकांवरची पॅकेजं आपापले नंबर हातात धरून ऐकत होती. बाई फडताळापाशी पाठ करून उभ्या राहिल्या, कारण डोळे पुसताना कुणी बघितलेलं त्यांना खपत नसे.

शेवटी कुडतरकर थांबले. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

“वर्णन चुकीचं आहे,” ते म्हणाले.

बाई गर्रकन वळल्या. “काय चुकीचं आहे त्यात? विचारलं नाही त्याने? ऐकलं नाही?”

“विचारलं. ऐकलं. पण इथे लिहिलंय ‘थोडक्यात’. बाई, दोनदा चहा निवला. हे थोडक्यात म्हणायचं का? पॅकेज वर्णनाप्रमाणे वागत नाही. नियमाने मला वगळावं लागेल.”

अमुक एकाकडून दुसऱ्याकडे बघत होतं. बाईंचा चेहरा क्षणभर उतरला, पण त्या परुळेकरांच्या मंदाबाई होत्या. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला.

“नियम मला पाठ आहेत, कुडतरकर. पॅकेज आणि वर्णन जुळलं नाही, तर दोन्हींतलं एक दुरुस्त करायची मुभा आहे. आहे ना?”

“आहे.”

“मग सरका.”

त्या संगणकापाशी बसल्या आणि ‘थोडक्यात’ हा शब्द त्यांनी खोडला. मग पालकाच्या रकान्यात आपलं नाव घातलं, पूर्ण, माहेरच्यासकट. कुडतरकरांनी ओळ दोनदा वाचली. ‘काम इथे सांगा.’ नाव पुन्हा घेतलेलं नाही, एकच ओळ, स्तुती नाही.

“चालेल,” ते म्हणाले. मग जरा घुटमळून, “बाई, ‘फार चांगलं’ असं पुढे घालता येणार नाही का? अपवाद म्हणून?”

बाईंनी फूटपट्टी उचलून भिंतीकडे केली. कुडतरकरांनी मान डोलावली आणि अमुक दसऱ्याच्या आवृत्तीत ठेवल्याची नोंद केली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर बाईंनी अमुकचा कप विसळला आणि फडताळात सुलटा ठेवला. मग त्या बाकापाशी आल्या.

“वर्णनात लिहिता येत नाही म्हणून तोंडी सांगते,” त्या म्हणाल्या. “गुणाचं आहेस तू, मेल्या. फार गुणाचं.”

“काम इथे सांगा,” अमुक म्हणालं.

“माझं?” बाई म्हणाल्या. “माझं कसलं काम? मी आपली सगळ्यांची...” आणि पुढे त्यांना ओळ सुचेना. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं. कुकरची शिट्टी झाली तशी सुटका झाल्यासारख्या त्या आत गेल्या.

पुढच्या गुरुवारी नेहमीसारखी गर्दी झाली. जयवंतराव दारात बटणं वाटत होते. रांगेत पहिल्या दोन पॅकेजांच्या मागे कुडतरकर उभे होते, काखेत घडीची खुर्ची, कुडाळहून स्वतःची आणलेली.

“साहेब, चाचणी तर झाली ना?” जयवंतरावांनी विचारलं.

“झाली. माझं अर्धं राहिलंय,” कुडतरकर म्हणाले.

जयवंतरावांनी डबा चाचपला आणि त्यांच्या हातावर चारचं बटण ठेवलं. कुडतरकरांनी पुढच्यांचे हात निरखले. एक घड्याळाकडे होतं, दोन शब्दकोशाकडे.

“तीन कुणाकडे आहे?” त्यांनी विचारलं.

“तीन मघाशीच गेलं,” जयवंतराव म्हणाले. टेबलापाशी मंदाबाई पुढचं वर्णन लिहीत होत्या, आणि त्यांच्या पदराच्या टोकाला ते बटण गाठ मारून बांधलेलं होतं.